वर्गातील कृतींतून डिझाइन थिंकिंग आणि सर्जनशीलता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझाइन थिंकिंग म्हणजे नेमके काय?

एखादी वस्तू, जागा, सेवा किंवा पद्धत ज्यांच्यासाठी तयार करायची त्यांची अडचण आधी समजून घेणे, ती नेमक्या शब्दांत मांडणे, तिच्यावर अनेक उपाय सुचवणे, त्यांपैकी काहींचे कच्चे नमुने करून ते त्याच माणसांच्या हाती देणे आणि तेव्हा जे दिसेल त्यावरून नमुना पुन्हा सुधारणे, या कामाच्या रीतीला डिझाइन थिंकिंग म्हणतात. ‘डिझाइन’ या शब्दामुळे ही चित्रकलेची किंवा सजावटीची बाब असावी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात मधल्या सुट्टीतली नळावरची गर्दी कमी करणे, नव्याने आलेल्या मुलाला शाळेची ओळख करून देणे किंवा प्रयोगवहीची मांडणी बदलणे हीदेखील डिझाइनचीच कामे आहेत.

या पानावरील उत्तरे पाचवी ते दहावीच्या शिक्षकांना समोर ठेवून लिहिली आहेत. लहान वर्गांनाही ती लागू पडतात, फक्त तिथे लेखनाऐवजी चित्र आणि बोलणे यांवर अधिक भर द्यावा लागतो.

ही कल्पना आली कुठून?

तिचा एकच जनक सांगता येत नाही. हर्बर्ट सायमन यांनी 1969 सालच्या आपल्या पुस्तकात अशी मांडणी केली की, आहे ती परिस्थिती बदलून हवी तशी करण्यासाठी जो कोणी कृतीचा मार्ग आखतो तो डिझाइनच करत असतो. या व्यापक व्याख्येमुळे वैद्य, व्यवस्थापक आणि शिक्षक हे सगळेच त्या कक्षेत आले. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट मॅकिम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चित्रांच्या आधारे विचार करायला शिकवत होते. 1973 साली हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी एका लेखात दाखवून दिले की नगररचनेसारख्या क्षेत्रांतील काही प्रश्न गणितातल्या उदाहरणांसारखे नसतात. त्यांची एकच निर्विवाद मांडणी करता येत नाही, त्यांना बरोबर किंवा चूक असे उत्तर नसते आणि सुटल्याची खूणही नसते. पुढे 1987 साली पीटर रो यांच्या वास्तुरचनेवरील पुस्तकाचे शीर्षकच ‘डिझाइन थिंकिंग’ असे होते. 1991 साली स्थापन झालेली आयडिओ ही डिझाइन कंपनी आणि तिचे एक संस्थापक डेव्हिड केली यांनी स्टॅनफर्डमध्ये उभी केलेली डिझाइन संस्था यांच्यामुळे हा शब्द उद्योगजगतात आणि तिथून शाळांत पोहोचला.

शाळेच्या दृष्टीने या इतिहासात रिटेल आणि वेबर यांचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे, कारण पाठ्यपुस्तकातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न उत्तर आधी ठरवून तयार केलेला असतो आणि मुलांना आयुष्यात भेटणारे बहुतेक प्रश्न तसे नसतात.

पाच टप्पे ठरलेल्या क्रमानेच घ्यावे लागतात का?

नाही. समजून घेणे, समस्या ठरवणे, कल्पना सुचवणे, नमुना करणे आणि चाचणी घेणे हे पाच टप्पे स्टॅनफर्डच्या मांडणीमुळे प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने 2004 साली हेच काम पत्त्यांतल्या चौकटसारख्या दोन जोडलेल्या आकृतींनी दाखवले. पहिल्या चौकटीत आपण प्रश्नाचा शोध घेत पसरतो आणि मग एका नेमक्या प्रश्नावर एकवटतो, तर दुसरीत उपायांच्या बाबतीत तेच पुन्हा करतो. वर्गात मला पाच टप्प्यांपेक्षा ही जोडआकृती अधिक उपयोगी वाटते. आता आपण पसरतो आहोत की एकवटतो आहोत, एवढे एकच मुलांना ठाऊक असले तरी चर्चेतले निम्मे गोंधळ मिटतात. चाचणीत नमुना फसला आणि मुले पुन्हा माणसांशी बोलायला गेली, तर त्यांनी क्रम मोडला असे मानू नये.

सर्जनशीलता शिकवता येते का? ती उपजतच असते ना?

मुलामुलांत फरक असतात, हे खरे आहे. पण 1950 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात जे. पी. गिल्फर्ड यांनी सर्जनशीलतेकडे संशोधनाचे दुर्लक्ष झाल्याची खंत व्यक्त केली, तेव्हापासून या विषयाकडे दैवी देणगी म्हणून पाहण्याऐवजी विचारक्षमता म्हणून पाहिले जाऊ लागले. ई. पॉल टॉरन्स यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमुळे या क्षमतेची वर्गात वापरता येण्याजोगी चार अंगे रूढ झाली. किती कल्पना सुचतात, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या असतात, किती दुर्मीळ असतात आणि प्रत्येकीचा तपशील किती भरला जातो, अशी ती चार अंगे आहेत. यांतले पहिले अंग सरावाने पटकन वाढते आणि म्हणूनच ते फसवे आहे. पन्नास कल्पना मांडणाऱ्या मुलाच्या साऱ्या कल्पना एकाच प्रकारच्या असू शकतात.

पिसा या आंतरराष्ट्रीय पाहणीत 2022 साली 15 वर्षांच्या मुलांच्या सर्जनशील विचाराची पहिल्यांदा चाचणी झाली. तिच्यात 64 देश आणि प्रदेश सहभागी झाले आणि सिंगापूर पहिले आले. त्या चाचणीत विविध कल्पना सुचवणे आणि नव्या कल्पना सुचवणे यांच्या जोडीला, समोर आलेली कल्पना पारखून ती सुधारणे हेही सर्जनशीलतेचेच अंग मानले होते. वर्गात नेमके हे तिसरे अंग उपाशी राहते. कल्पना सुचवण्याचा तास रंगतो, भिंत चिठ्ठ्यांनी भरते, छायाचित्रे काढली जातात आणि घंटा होते. कल्पना सुधारण्याचा तास वेळापत्रकात आलेलाच नसतो.

पहिल्या तासाला कोणती कृती घ्यावी?

मॅकिम यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘तीस वर्तुळे’ ही कृती सुरुवातीला चांगली आहे. प्रत्येक मुलाला तीस रिकामी वर्तुळे छापलेला कागद द्यावा आणि तीन मिनिटांत जितक्या वर्तुळांची ओळखू येतील अशी चित्रे होतील तितकी करायला सांगावे. साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही आणि कुणी मागे पडत नाही.

कृतीपेक्षा तिच्यानंतरची दहा मिनिटे मात्र महत्त्वाची आहेत. आधी प्रत्येकाने किती वर्तुळे भरली ते विचारावे. मग त्याच चित्रांचे प्रकार मोजायला सांगावे. चेंडू, फुटबॉल आणि टेनिसचा चेंडू ही तीन चित्रे झाली, पण प्रकार एकच झाला. पंचवीस वर्तुळे भरलेल्या मुलाचे प्रकार सहा निघतात आणि बारा भरलेल्या मुलीचे दहा निघतात, तेव्हा संख्या आणि विविधता यांतला फरक मुलांना व्याख्या न सांगताच कळतो. कुणीतरी दोन वर्तुळे जोडून चष्मा किंवा सायकल केलेली असते. त्यावर ‘असे चालते का?’ हा प्रश्न हमखास येतो. जोडू नका असे सूचनेत कुठेही नव्हते, हे तेव्हा शांतपणे निदर्शनास आणून द्यावे. आपण न दिलेले नियम मुले स्वतःवर लादून घेतात, ही या तासातली सर्वांत मोठी शिकवण असते.

शेवटी नवा कागद देऊन तीच कृती पुन्हा घ्यावी. दुसऱ्या वेळचे कागद पहिल्यापेक्षा उघडपणे वेगळे असतात. हा दुसरा कागद बहुतेक ठिकाणी दिला जात नाही आणि मग ही कृती निव्वळ करमणूक ठरते.

मुलांनी माणसांशी बोलायचे कसे? ती तर ‘तुम्हाला आवडते का?’ एवढेच विचारतात.

हा भाग शिकवावा लागतो आणि त्याला एक पूर्ण तास द्यावा लागतो. ‘तुम्हाला ग्रंथालय आवडते का?’ असे विचारले की समोरचा माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी ‘मागच्या वेळी तू पुस्तक घ्यायला गेलास, तेव्हा वर्गातून निघाल्यापासून काय काय घडले ते सांग’ असे विचारले, तर माणूस मतांऐवजी घटना सांगतो आणि अडचण घटनेत दिसते. एखादा तपशील अनपेक्षित वाटला की ‘मग काय झाले?’ आणि ‘तसे का केले?’ हे दोन प्रश्न पुरतात. तिसरे साधन म्हणजे गप्प राहणे. समोरचा थांबला की मुले लगेच पुढचा प्रश्न विचारतात, म्हणून मनात पाच अंक मोजून मगच बोलण्याचा सराव वर्गातच जोड्या करून घ्यावा.

नोंदींसाठी वहीचे पान उभे दुमडून दोन भाग करावेत. डाव्या बाजूला माणूस काय म्हणाला आणि त्याने काय केले एवढेच लिहायचे, उजव्या बाजूला आपल्याला काय वाटले ते. ‘तो कंटाळला होता’ हे वाक्य मुले पहिल्यांदा डावीकडे लिहितात. ते उजवीकडचे आहे. डावीकडे ‘तो दोनदा घड्याळाकडे पाहत होता’ एवढेच येऊ शकते. निरीक्षण आणि अनुमान यांतला हा भेद विज्ञानाच्या तासालाही तितकाच कामाला येतो.

सरासरी माणसाशी बोलण्यापेक्षा ज्याला ती वस्तू वापरणे सर्वांत अवघड जाते त्याच्याशी बोलावे, हा अनुभवी डिझाइनरांचा रिवाज आहे. 1990 साली बाजारात आलेली ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठींची स्वयंपाकघरातली साधने हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे सालकाढणी धरणे कठीण जात होते आणि तिथून या साधनांचा विचार सुरू झाला. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ सगळ्यांनाच सोयीची वाटली. ग्रंथालयाचा प्रश्न घेतला असेल, तर रोज पुस्तक नेणाऱ्या मुलीला एकदा भेटावे आणि वर्षभरात एकदाही न फिरकलेल्या मुलाला दोनदा.

बोलण्यापूर्वी परवानगी घेणे, नोंदवहीत नाव न लिहिणे आणि खासगी गोष्ट कानावर आली तर ती गटाबाहेर न नेणे, हे तीन नियम आधीच ठरवून घ्यावेत.

समस्या नीट मांडायची म्हणजे काय करायचे?

समजा, ‘ग्रंथालयातली पुस्तके वेळेवर परत येत नाहीत’ हा विषय गटाला दिला. कुणाशीही न बोलता उपाय विचारले तर दंड, फलक आणि सूचना हे तीन उपाय लगेच येतात, कारण मुले वाक्यातच दडलेला आळशी विद्यार्थी पकडतात. आता हाच गट दुसरीतल्या मुलांशी बोलून आला. त्यांना असे आढळले की पुस्तक घरी गेल्यावर इतर पुस्तकांत मिसळते, ते शाळेचे आहे हे घरच्यांना कळत नाही आणि परत करण्याच्या दिवशी त्या वर्गाचा खेळाचा तास असतो. आता प्रश्न बदलला. ‘दुसरीतल्या मुलाच्या घरी शाळेचे पुस्तक वेगळे कसे ओळखू येईल?’ किंवा ‘मैदानाकडे जाता जाता त्याला पुस्तक कसे परत करता येईल?’ असे विचारता येते. माणूस कोण, त्याला काय करायचे आहे आणि आड काय येते, या तीन गोष्टी वाक्यात आल्या की मांडणी बहुधा जमते.

दोन चुका नेहमी दिसतात. एकीत प्रश्न इतका मोठा असतो की हातच घालता येत नाही, जसे ‘वाचनसंस्कृती कशी वाढेल?’ दुसरीत प्रश्नाच्या पोटात उत्तर लपलेले असते, जसे ‘पुस्तकांना लाल पट्टी कशी लावता येईल?’ दुसरी चूक पकडण्याची सोपी परीक्षा अशी की, त्या प्रश्नाला एकमेकांशी अजिबात न जुळणारी तीन उत्तरे निघतात का ते पाहावे. निघत नसतील तर प्रश्न एक पायरी मागे न्यावा.

या टप्प्यावर शिक्षकाचा धीर सुटतो, असे मी वारंवार पाहिले आहे. मुलांच्या हातून काही तयार होताना दिसत नाही आणि तास वाया गेल्यासारखा वाटतो. तरीही एक संपूर्ण तास वाक्य घडवण्यातच गेला, तर तो सत्कारणी लागला असे समजावे.

विचारमंथनात ठरावीक मुलेच बोलतात. काय करावे?

आधी एकट्याने लिहायला लावावे आणि मग बोलायला. विचारमंथनाची पद्धत जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी रूढ केली आणि 1953 सालच्या पुस्तकात तिचे नियम मांडले. टीका लांबणीवर टाकावी, विचित्र कल्पनांचे स्वागत करावे, संख्या वाढवावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, असे ते नियम होते. नियम उत्तम आहेत, पण एकत्र बसून बोलल्याने अधिक कल्पना निघतात हा त्यामागचा समज मात्र टिकला नाही. येल विद्यापीठात 1958 साली झालेल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा स्वतंत्रपणे काम केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या संख्येने जास्त भरल्या. मायकेल डील आणि वोल्फगँग श्ट्रोबे यांनी 1987 साली त्याचे मुख्य कारण दाखवले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबण्यात सुचलेले निसटते.

यावर बर्न्ड रोरबाख यांनी 1968 साली सुचवलेली 6-3-5 ही लेखी पद्धत वर्गात उत्तम चालते. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि आलेल्या कागदावर भर घालत पुढच्या तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत 108 कल्पना कागदावर येतात. लहान वर्गात चार जण, दोन कल्पना आणि तीन मिनिटे असे प्रमाण ठेवावे. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाची कल्पना पाच हातांतून फिरून वाढत गेलेली दिसते, तेव्हा या पद्धतीचा खरा उपयोग कळतो.

सुरुवातीला एखादे चांगले उदाहरण दाखवावे का?

कसे करायचे ते दाखवावे, काय करायचे ते दाखवू नये. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही सहभागींना कामासोबत एक नमुना आराखडा दाखवला आणि काहींना दाखवला नाही. ज्यांनी आराखडा पाहिला त्यांच्या रचनांत त्यातली वैशिष्ट्ये उतरली. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाच्या कामात तर नळी वापरू नये असे बजावूनही, आराखड्यातल्या नळ्या त्यांच्या चित्रांत आल्या. नमुन्यातले दोषसुद्धा अशा रीतीने उचलले जातात.

त्याच जातीचा एक जुना प्रयोग कार्ल डुंकर यांचा आहे. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी देऊन मेणबत्ती भिंतीवर उभी करायला सांगितली, तर डबी ही टाचण्या ठेवण्याचीच वस्तू आहे या समजुतीमुळे तिला भिंतीवर ठोकून फळी करता येईल हे अनेकांना सुचत नाही. टाचण्या बाहेर काढून डबी रिकामी ठेवली की उत्तर बरेच सोपे होते. ही कृती वर्गात प्रत्यक्ष करण्याची गरज नाही, चित्र काढून विचारली तरी पुरते. आगही टळते.

उदाहरण दाखवायचेच असेल तर एकमेकांपासून अगदी वेगळी तीन उदाहरणे आणि तीही मुलांच्या विषयाबाहेरची दाखवावीत.

कच्चा नमुना कशाचा करावा आणि तो किती चांगला असावा?

पुठ्ठा, जुने कागद, दोरी, चिकटपट्टी आणि कात्री पुरेशी आहेत. सेवेचा नमुना करायचा असेल तर हे साहित्यही लागत नाही, दोन मुलांनी प्रसंग करून दाखवला की काम होते. पुस्तके परत घेण्याची नवी पद्धत दाखवायला बाकाचे ग्रंथालय करावे, एकाने दुसरीतला मुलगा व्हावे आणि वर्गाने पाहावे.

नमुना मुद्दाम ओबडधोबड ठेवावा, याला कारण आहे. रंगवून, नक्षी काढून सजवलेल्या नमुन्यावर पाहणारा माणूस दोष काढायला कचरतो आणि करणारी मुलेही बदल करायला तयार होत नाहीत. म्हणून पहिल्या नमुन्याला वीस मिनिटांहून अधिक वेळ आणि रंगाच्या पेट्या देऊ नयेत. शक्य असेल तर प्रत्येक गटाला एकाऐवजी दोन वेगळे नमुने करायला लावावेत. स्टीव्हन डाऊ आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संकेतस्थळासाठी जाहिराती करणाऱ्या ज्या लोकांनी अनेक नमुने एकत्र तयार करून मग अभिप्राय घेतला, त्यांचे काम एकामागून एक नमुना दाखवणाऱ्यांपेक्षा सरस आणि अधिक विविध ठरले. याचे कारण वर्गातही दिसते. एकच नमुना असला की त्यावरची टीका मुलाला स्वतःवरची वाटते. दोन असले की कोणत्यात काय बरे आहे याची चर्चा होते.

मार्शमॅलोचा मनोरा ही कृती अजूनही घेण्यासारखी आहे का?

आहे, पण तिच्यावर अख्खा कार्यक्रम उभा करू नये. पीटर स्किलमन यांची ही कृती टॉम वूजेक यांच्या 2010 सालच्या व्याख्यानामुळे जगभर गेली. चौघांच्या गटाला शेवयांसारख्या 20 कोरड्या स्पॅगेटी काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) देतात. 18 मिनिटांत मनोरा उभा करायचा आणि मार्शमॅलो टोकावर असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतल्या मुलांचे मनोरे उंच होतात, हे त्यांचे निरीक्षण गाजले. पदवीधर योजना करत राहतात आणि अखेरच्या क्षणी मार्शमॅलो ठेवतात, तर मुले पहिल्यापासून तो टोकावर ठेवून पाडत आणि उभारत राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ही कार्यशाळांतल्या अनुभवावरची गोष्ट आहे, नियंत्रित प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, एवढे भान ठेवावे. खाण्याची वस्तू वापरायची नसेल तर झाडूच्या काड्या आणि मातीचा गोळा चालतो.

कृती झाल्यावर लगेच दुसरी फेरी घ्यावी. एकाच फेरीत कोण जिंकले एवढेच कळते.

एका प्रकल्पाला किती तास द्यावेत?

मला सहा तासिका किमान वाटतात. साधारणपणे एक तासिका माणसांशी बोलण्यासाठी, एक प्रश्न घडवण्यासाठी, एक कल्पना आणि पहिल्या नमुन्यासाठी, एक त्या नमुन्याच्या चाचणीसाठी आणि उरलेल्या दोन दुसऱ्या नमुन्यासाठी व त्याच्या चाचणीसाठी. सहा मिळत नसतील तर विषय लहान घ्यावा, दुसरा नमुना वगळू नये. पहिला नमुना मुलांच्या डोक्यातून येतो आणि दुसरा वापरणाऱ्याच्या प्रतिसादातून. या दोहोंतल्या अंतरात जे घडते त्यालाच मी या विषयाचे शिकणे म्हणतो. एका दुपारच्या कार्यशाळेत ते अंतर पार करायला वेळच नसतो, म्हणून अशा कार्यशाळा विषयाची ओळख करून देण्यापुरत्या ठेवाव्यात.

गुण कसे द्यावेत?

अवघड प्रश्न आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. केवळ अंतिम वस्तूला गुण दिले की सुबक हात असलेली, घरून मदत मिळणारी मुले पुढे जातात. केवळ नवीनतेला दिले की मुले विक्षिप्तपणाच्या मागे लागतात. त्यामुळे गुणांचा मोठा वाटा वहीला द्यावा. दोन रकान्यांच्या नोंदी, प्रश्नाच्या बदलत गेलेल्या मांडण्या, टाकून दिलेल्या कल्पना आणि त्या टाकण्याचे कारण या गोष्टी वहीत असाव्यात. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात काय बदलले आणि कोणत्या निरीक्षणामुळे बदलले, हे मुलाने चार वाक्यांत लिहावे. या चार वाक्यांइतका विश्वासार्ह पुरावा मला दुसरा मिळालेला नाही. नमुना शेवटी फसला तरी हे गुण पूर्ण मिळू शकतात, हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे.

वस्तूची सर्जनशीलताही तपासायची असेल तर टेरेसा अमाबिले यांनी 1982 साली मांडलेली सहमतीची पद्धत सोपी करून वापरता येते. त्या विषयाची जाण असलेले तीन-चार परीक्षक एकमेकांशी न बोलता, गुणतक्ता न वापरता, सगळ्या कामांची आपापसात तुलना करून प्रत्येकाला श्रेणी देतात. स्वतंत्रपणे दिलेल्या या श्रेणी बऱ्याच प्रमाणात जुळतात, हाच या पद्धतीचा पाया आहे. दुसऱ्या तुकडीचे दोन शिक्षक आणि वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी परीक्षक म्हणून चालतात.

बक्षिसांबाबत सावध राहावे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्र काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले. पुढे मोकळ्या वेळेत याच मुलांनी चित्र काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. अवचित मिळालेल्या प्रशस्तिपत्राचा तसा परिणाम दिसला नाही. तात्पर्य, मुले जे आवडीने करतात त्यावर ‘हे केलेस तर ते मिळेल’ अशी बोली लावू नये.

ज्या मुलांना चित्र काढता येत नाही त्यांचे काय?

चौकोन, वर्तुळ, बाण आणि काडीमाणूस एवढे जमले की पुरते. तेही नको असेल तर मूल तोंडी सांगू शकते आणि जोडीदार काढू शकतो.

गटात एकच मूल सगळे करते, बाकीचे बघत बसतात.

गट चारपेक्षा मोठा करू नये आणि कामे फिरती ठेवावीत. प्रश्न विचारणारा, नोंद करणारा, नमुना बांधणारा आणि चाचणीच्या वेळी गप्प राहून फक्त पाहणारा अशा चार भूमिका दर टप्प्याला बदलाव्यात. शेवटची भूमिका सर्वांत बोलक्या मुलाला आधी द्यावी, कारण वापरणारा चुकला की धावत जाऊन समजावून सांगण्याचा मोह त्यालाच सर्वाधिक होतो.

अभ्यासक्रम पूर्ण करायचा असताना हे बसवायचे कुठे?

वेगळा विषय म्हणून न घेता असलेल्या पाठांना जोडावे. अपूर्णांक शिकताना अडखळणाऱ्या खालच्या वर्गातल्या मुलासाठी साधन करणे हा गणिताचा प्रकल्प होतो आणि ते साधन करणाऱ्याला स्वतःला अपूर्णांक किती कळले आहेत हेही त्यात उघडे पडते. भाषेत सूचनालेखन घ्यावे. कागदी पेटी घडवण्याच्या सूचना लिहून त्या दुसऱ्या वर्गाला द्याव्यात, लिहिणाऱ्याने एक शब्दही न बोलता वाचणाऱ्याचे हात पाहावेत आणि मग सूचना पुन्हा लिहाव्यात. इतका स्पष्ट अभिप्राय लाल शाईने देता येत नाही. विज्ञानात उष्णतारोधक, पाणी गाळणी किंवा भार पेलणारा पूल हे विषय आधीपासून आहेतच, फक्त ते ‘कोणासाठी?’ हा प्रश्न जोडून घ्यावेत. इतिहासात ही रीत ओढूनताणून बसवू नये. भूतकाळातल्या माणसाला नमुना दाखवून विचारता येत नाही.

या पद्धतीवर टीका होते ती योग्य आहे का?

बरीचशी योग्य आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी 2006 साली असे प्रतिपादन केले की, पुरेसे पूर्वज्ञान नसलेल्या विद्यार्थ्यांना किमान मार्गदर्शन देऊन शोधायला सोडले तर ते थेट अध्यापनापेक्षा कमी शिकतात. त्यांचा रोख डिझाइन थिंकिंगवर नव्हता, तरी इशारा इथे चपखल बसतो. पुलाचे काम देण्यापूर्वी ताण आणि दाब यांचा धडा झालेला नसेल, तर मुले काड्या चिकटवतात आणि नशिबाने जिंकतात. आधी शिकवावे, मग काम द्यावे, हा क्रम सोडू नये. नोंदवहीच्या पानाची घडी, मुलाखतीचा सराव, फिरत्या भूमिका या साऱ्या गोष्टी मार्गदर्शनच आहेत.

दुसरी टीका अधिक बोचरी आहे. नताशा इस्कंदर यांनी 2018 साली लिहिले की, ही पद्धत डिझाइनरलाच केंद्रस्थानी ठेवते आणि त्यामुळे मुळातली व्यवस्था व सत्तासंबंध जसेच्या तसे राहतात. वर्गातही हे घडते. मुले दुसरीतल्या मुलांशी दहा मिनिटे बोलतात, त्यांची अडचण आपल्याला पूर्ण कळली असे मानतात आणि त्यांच्या वतीने निर्णय घेतात. त्यावर उपाय असा की, नमुना निवडण्याचा अधिकार त्या लहान मुलांना द्यावा आणि त्यांतल्या एखाद्याला गटातच घ्यावे.

मुलांचा उपाय शाळेने स्वीकारला नाही तर ती निराश होणार नाहीत का?

होतील, आणि त्याची तयारी आधी करावी. ज्या गोष्टीवर निर्णय घेण्याचा अधिकार वर्गाकडे किंवा त्या शिक्षकाकडे आहे असाच विषय पहिल्या प्रकल्पासाठी निवडावा. बाकांची मांडणी, वर्गातले पुस्तकांचे कपाट, गृहपाठ जमा करण्याची पद्धत हे असे विषय आहेत. इमारत, वेळापत्रक किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर मुख्याध्यापकांना चाचणीच्या दिवशीच बोलावावे, अंतिम सादरीकरणाला नव्हे. चाचणीला आलेला माणूस अडचणी सांगतो आणि दुसऱ्या नमुन्यात त्यांचा विचार करता येतो. सादरीकरणाला आलेला माणूस टाळ्या वाजवतो आणि निघून जातो.